मागचं चाक कुठे बघतंय?

भारतात जुळलेली पहिली मर्सिडीज मोटार पुण्याची. टेल्कोचे मर्सिडीज ट्रक १९५४ पासून जमशेदपूरला निघत होते, पण मोटारीसाठी चाळीस वर्षं थांबावं लागलं. मर्सिडीज-बेंझ इंडिया ही कंपनी १९९४ साली स्थापन झाली आणि १९९५ साली पिंपरीत, टेल्कोच्याच आवारात, ई २२० जुळायला लागली. कारखान्याच्या भाषेत डब्ल्यू १२४. जर्मनीत हे मॉडेल १९८४ पासून रस्त्यावर होतं आणि नेमकं १९९५ मध्येच तिकडे त्याच्या जागी पुढची पिढी आली. म्हणजे आपल्या वाट्याला आली ती निवृत्तीला टेकलेली गाडी. तरी तिला नावं ठेवणारा मिस्त्री मला अजून भेटलेला नाही.

या गाड्या आता तिशीला पोचल्या आहेत. हैदराबादेत त्या अजून दिसतात: बंजारा हिल्समधल्या बंगल्यांच्या पोर्चमध्ये कापडी झाकणाखाली, सिकंदराबादच्या जुन्या क्लबांच्या आवारात, कधी सकाळी सहाला नेकलेस रोडवर. पाटी बहुधा ‘एपी ०९’ची. म्हणजे राज्य फुटायच्या आधीची, ‘टीएस’ आणि आताची ‘टीजी’ यायच्या आधीची. नवी होती तेव्हा ही गाडी उद्योगपतींची होती. आता ती वकिलांची, निवृत्त इंजिनिअरांची, हौशी पोरांची आहे. जुनी आलिशान गाडी विकत घेणं सोपं असतं, कारण तिचा भाव कोसळलेला असतो. तिच्या सुट्या भागांचे भाव मात्र कोसळत नाहीत. तिच्या मागच्या चाकांची गोष्ट इथूनच सुरू होते.

ज्या गाडीमुळे हा लेख सुचला ती काचीगुड्यातल्या एका मराठी काकांची. घराणं मूळचं नांदेडकडचं. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा आजोबा नोकरीसाठी राजधानीत आले आणि इथलेच झाले. काका विवेक वर्धिनी शाळेत शिकले. त्यांच्या मराठीत अजून ‘हौ’ आणि ‘नक्को’ सहज येतात. गाडी त्यांनी सेकंडहँड घेतली, पुण्याच्या बहिणीकडे सोलापूरमार्गे तिनंच जायचं या हट्टानं. तक्रार अशी की आउटर रिंग रोडवर नव्वदच्या पुढे गेलं आणि अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की गाडी हलकेच उजवीकडे सरकते. पाय दिला की डावीकडे. फार नाही, पण काकूंच्या लक्षात येण्याइतकं. शिवाय मागचे टायर आतल्या कडेनं भराभर संपत होते. शहरातल्या चकचकीत दुकानांत अलाइनमेंट होऊन गेलं होतं आणि दरवेळी हातात पडलेल्या छापील कागदावर सगळे आकडे हिरवे होते.

हिरवा कागद आणि संपलेला टायर यांत खरं कुणाचं मानायचं? रानीगंजच्या पलीकडच्या एका बोळातल्या मिस्त्रीनं क्षणभरही विचार केला नाही. “मशीन झूट नै बोलती साब, पन पूरा बी नै बोलती.”

आपल्याकडे अलाइनमेंट म्हटलं की पुढची चाकं डोळ्यांसमोर येतात, आणि त्यात आपला तसा दोष नाही. अँबॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या दोन गाड्यांवर देशातले दोन पिढ्यांचे मिस्त्री तयार झाले. दोन्हींच्या मागे पाट्यांची स्प्रिंग आणि एक अखंड दणकट धुरा. त्या धुऱ्यावरची चाकं कुठे बघणार हे कारखान्यात एकदाच ठरलेलं. ती वळवायला बोल्टच नाही. आजच्या स्विफ्ट किंवा आय-२० मध्येही मागे पिळदार तुळई असते आणि तिथेही नेहमीच्या पान्यानं जुळवण्यासारखं काही नसतं. चौमहल्ला पॅलेसमध्ये ठेवलेली निजामाची १९१२ ची पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट पाहा. सहाव्या निजामानं मागवलेली, सातव्याच्या काळात पोचलेली, आत सिंहासन असलेली. तिच्याही मागे अखंड धुराच आहे. तो धुरा वाकडा झाला तर लोहाराकडे न्यायचा. अलाइनमेंटवाल्याचं तिथं काम नाही.

गाडी कुठे जाणार हे मात्र मागची चाकं ठरवतात. पुढची चाकं फक्त त्यांच्याशी जुळवून घेतात. मागच्या दोन चाकांच्या दिशांचा मध्य काढला की एक रेषा मिळते, तिला थ्रस्ट लाइन म्हणतात. ती गाडीच्या मधल्या रेषेवर असली पाहिजे. ती डावीकडे सरकली तर गाडीचं बूड डावीकडे जाऊ पाहतं, नाक उजवीकडे वळतं, आणि सरळ जायचं तर चालकाला स्टिअरिंग थोडं डावीकडे धरून ठेवावं लागतं. गाडी सरळ जाते, पण अंग तिरकं ठेवून. ही तिची खेकडाचाल.

गणित करून पाहू. समजा, मागचं डावं चाक चाळीस मिनिटं बाहेर फाकलेलं आहे (साठ मिनिटांचा एक अंश) आणि उजवं दहा मिनिटं आत वळलेलं आहे. चाकाच्या अशा फाकण्या-वळण्याला टो म्हणतात. थ्रस्टचा कोन निघतो पंचवीस मिनिटं, म्हणजे अर्ध्या अंशाहून कमी. डब्ल्यू १२४ च्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर २८०० मिलिमीटर आहे. तेवढ्या लांबीवर पंचवीस मिनिटांचा तिरकेपणा म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकोरीत वीस मिलिमीटरचा फरक. डोळ्याला दिसत नाही. टायरला मात्र कळतं: दोन्ही चाकं मिळून अर्धा अंश फाकलेली, म्हणजे प्रत्येक टायर प्रवासाच्या दिशेशी पाव अंश तिरका धावतो आणि किलोमीटरला साधारण साडेचार मीटर आडवा घासला जातो. काका हैदराबादहून पुण्याला गेले, साडेपाचशे किलोमीटरच्या वर, तर प्रत्येक मागचा टायर त्या वाटेवर जवळजवळ अडीच किलोमीटर आडवा फरफटला.

या हिशेबात एक गोष्ट दडलेली आहे आणि ती पुष्कळ दुकानदारांच्याही लक्षात येत नाही. चूक एका चाकाची असली तरी टोची शिक्षा दोन्ही टायर वाटून घेतात, कारण गाडी आपोआप दोघांच्या मधल्या दिशेनं चालू लागते. म्हणून मागचा एकच टायर जास्त खाल्ला गेला असेल तर फक्त टोवर संशय घेऊन भागत नाही. त्या बाजूचा कॅम्बर, म्हणजे चाकाच्या माथ्याचा आतबाहेर झुकाव, तपासावा लागतो. काकांच्या गाडीचे दोन्ही टायर आतून झिजले होते, पण डावा अधिक. म्हणजे दोन वेगळे आजार होते.

दुकानात बहुतेक वेळा ‘फ्रंट अलाइनमेंट’ विकलं जातं. मागे तिरकेपणा असला तरी पुढचे ट्रॅक रॉड फिरवून स्टिअरिंग मधोमध आणता येतं. गिऱ्हाईक खूश होतं, कारण त्याची तक्रार स्टिअरिंगची होती. खेकडाचाल मात्र तशीच राहते, फक्त ती सांगणारं एकमेव लक्षण पुसलं जातं. मला यात फसवणुकीपेक्षा सवय जास्त दिसते. तुळईच्या गाड्यांवर हात बसलेल्या माणसानं मागे बघायचं तरी कशासाठी?

मर्सिडीजनं १९८२ च्या अखेरीस १९० ही छोटी गाडी आणली तेव्हा तिच्या मागे पाच कड्यांची रचना पहिल्यांदा आली, आणि दोन वर्षांनी तीच डब्ल्यू १२४ ला मिळाली. प्रत्येक मागचं चाक पाच स्वतंत्र दांड्यांनी धरलेलं असतं. खाली सगळ्यांत मोठी स्प्रिंग लिंक, तिच्यावर स्प्रिंग उभी. वर कॅम्बर स्ट्रट, चाकाचा झुकाव सांभाळणारा. पुढून-मागून येणारे धक्के सोसायला दोन दांड्या. आणि एक बारीक ट्रॅक रॉड, जो चाक कुठे बघतंय ते ठरवतो. पतंगाची कण्णी बोटभर इकडे-तिकडे बांधली गेली तर पतंग एका अंगाला पडत राहतो. या पाच दांड्यांचं नातं तसंच आहे. लांबी आणि जोडणीची जागा इतक्या काळजीनं निवडली आहे की चाक वरखाली झालं, वळणावर अंग कललं, ब्रेक लागला, तरी ते आपली दिशा फारशी सोडत नाही. याआधीच्या डब्ल्यू १२३ मध्ये तिरके मागचे हात होते, त्यांत चाक वर गेलं की टो आणि कॅम्बर दोन्ही बदलत. पाच दांड्यांनी ते आवरलं. नंतर जगभरच्या आलिशान गाड्यांनी याच वाटेनं मागची चाकं बांधली.

पण दहा दांड्या म्हणजे वीस टोकं, आणि त्यांतल्या बहुतेक टोकांत रबर. शिवाय या दांड्या ज्या सबफ्रेमवर बसतात ती सबफ्रेमही रबराच्याच उशांवर बॉडीला जोडलेली. हैदराबादच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो, डांबराचा रस्ता त्याहून तापलेला. उष्णता, हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन यांनी रबर कडक होतं, भेगाळतं. डिफरन्शियलमधून गळणारं तेल लागलं तर उलट फुगून मऊ होतं. त्यात गल्लोगल्लीचे गतिरोधक आहेतच. आणि २०२० च्या ऑक्टोबरमधला तो पूर, जेव्हा शहरातल्या कित्येक वस्त्यांत गाड्या छपरापर्यंत पाण्यात होत्या. त्यातून वाचवलेली गाडी धुऊन-पुसून विकली गेली तरी तिच्या खालच्या बोल्टांचा गंज लपत नाही. काकांची गाडी तेव्हा पहिल्या मजल्याइतक्या उंच उतारावर उभी होती, म्हणून सुटली.

मिस्त्रीनं गाडी लिफ्टवर घेतली नाही. आधी टायरवर उकिडवा बसला आणि तळहात फिरवला.

ही परीक्षा फुकटची आहे आणि मशीनपेक्षा जुनी आहे. टो बिघडला असेल तर टायरच्या नक्षीचे ठोकळे आरीच्या दात्यांसारखे एका बाजूला धारदार होतात. हात बाहेरून आत नेताना टोचला आणि आतून बाहेर नेताना गुळगुळीत लागला तर चाकं पुढून फाकलेली. उलट लागलं तर आत वळलेली. नुसता कॅम्बर बिघडला असेल तर दाते नसतात, आतली कड गुळगुळीत झिजते. नक्षीत ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर शॉक अॅब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंगकडे बघायचं. आणि टायर तिरकस पट्ट्यांत झिजला असेल तर तो असा घोंघावतो की भलेभले मिस्त्री ‘बेअरिंग गेलं’ म्हणून हब काढून बसतात. बेअरिंग खरंच गेलेलं असेल तर भार एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर नेताना, म्हणजे रिकाम्या रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवी करताना, आवाज बदलतो. टायरचा आवाज रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की बदलतो. शंका राहिली तर मागचे टायर पुढे टाकून बघावेत. आवाज पुढे आला तर दोषी कोण ते कळलं. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडेही वाचायचे, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दहा वर्षांच्या टायरवर अलाइनमेंटची चर्चा करणं म्हणजे वेळ घालवणं.

‘गाडी ओढते’ या तक्रारीतही दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. स्टिअरिंग सोडलं आणि गाडी एका अंगाला गेली तर ती ओढ. तिचं कारण पुढच्या टायरची घडण, पुढचा कॅम्बर, कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा पुढे-मागे झुकाव) किंवा अडकलेला ब्रेक असू शकतं. स्टिअरिंग वाकडं धरलं तरच गाडी सरळ जाते आणि हात सैल केला तरी तशीच जात राहते, तर मागे बघा. शिवाय आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात. डावीकडून चालणारी गाडी थोडी डावीकडे जाणारच. म्हणून चाचणी एकाच लेनमध्ये घ्यायची नाही. आउटर रिंग रोड १५८ किलोमीटरचा आहे, लांब सरळ पट्टे भरपूर आहेत. वेगमर्यादा १२० असली तरी या कामाला सत्तर-ऐंशी पुरतात.

काकांची तक्रार मात्र या दोन्हींत बसत नव्हती. पाय दिला की डावीकडे, काढला की उजवीकडे. मिस्त्रीनं हे ऐकूनच मान हलवली होती. इंजिनाचा जोर लागतो तेव्हा मागची चाकं पुढे रेटली जातात आणि सैल सांध्याचं चाक आत वळतं. जोर सुटला किंवा ब्रेक लागला की रस्ता चाकाला मागे ओढतो आणि तेच चाक फाकतं. दोन्हीकडचा सैलपणा सारखा असेल तर परिणाम एकमेकांना मारतात. एकाच बाजूला असेल तर मागचं ते एक चाक तुमच्या पायाच्या तालावर गाडी वळवत बसतं. अलाइनमेंटच्या रॅकवर गाडी उभी असते. इंजिन बंद, भार स्थिर. सैल चाक त्या क्षणी जिथे विसावलेलं असेल तोच आकडा मशीन देतं, आणि तो हिरवा असू शकतो.

मग उंची. चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही कोपऱ्यांत टेप लावला. डब्ल्यू १२४ च्या मागच्या चाकांचा कॅम्बर कारखान्यानं जुळवायला ठेवलेलाच नाही. गाडी किती उंचीवर उभी आहे त्यावर तो ठरतो. स्प्रिंग बसली की चाकाचे माथे आत झुकतात. प्रत्येक स्प्रिंगच्या डोक्यावर एक रबरी पॅड असतो, त्याच्या कडेवरच्या गुठळ्या मोजून जाडी ओळखतात, आणि दोन बाजूंना वेगळ्या जाडीचे पॅड घालून गाडी समतल करता येते. आपल्याकडे याच्या उलट उद्योग जास्त. गतिरोधकावर पोट घासतं म्हणून स्प्रिंगखाली स्पेसर घालतात, किंवा वेटोळ्यांत रबराचे ठोकळे कोंबतात. डिकीत गॅसची टाकी बसवलेली असेल तर मागचा भार कायमचा बदललेला असतो. यांतलं काहीही केलं की मागची चाकं कारखान्यानं ठरवलेल्या जागी राहत नाहीत, आणि नंतर केलेलं अलाइनमेंट त्या बदललेल्या उंचीशी तडजोड असतं. पुढच्या पिढ्यांच्या एस-क्लासमध्ये स्प्रिंगच्या जागी हवेच्या थैल्या आल्या. तिथं एखादी थैली गळत असेल तर रात्री उभी केलेली गाडी सकाळी बसलेली दिसते, आणि कॅम्बर त्या बसण्याबरोबर बदलतो. काकांच्या गाडीची उंची ठीक निघाली. डावा मागचा कोपरा किंचित खाली, पण सोसण्याइतका.

यानंतर जे झालं ते बघायला बोळातली चार माणसं जमली. सिमेंटच्या कोरड्या जागेपुढे मिस्त्रीच्या पोरानं बादलीभर पाणी ओतलं. स्टिअरिंग सरळ, गिअर न्यूट्रल, आणि गाडी हातानं ढकलत पाण्यातून कोरड्यावर आणली. ओल्या चाकोऱ्या उमटल्या. या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतली रुंदी अगदी सारखी नाही, काही मिलिमीटरचा फरक मुळातच आहे. म्हणून बघायचं ते इतकंच, की मागची चाकोरी पुढचीपासून दोन्ही बाजूंना सारखीच हटलेली आहे का. नव्हती. मागची चाकोरी डावीकडे गेलेली. ढकलत्या गाडीला इंजिनाचा जोर नाही, फक्त रस्त्याची ओढ आहे. त्या ओढीत डावं चाक फाकलं होतं.

दोरीचा प्रयोग त्याहून बारकाईचा. गाडीच्या दोन्ही बाजूंना चार स्टँड उभे करून चाकाच्या मध्याच्या उंचीवर मासेमारीची दोरी ताणतात, दोन्ही दोऱ्या गाडीच्या मधल्या रेषेला समांतर होईपर्यंत सरकवतात, आणि मग रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोरीचं अंतर मोजतात. पंधरा इंची रिमवर एका मिलिमीटरचा फरक म्हणजे सुमारे आठ-नऊ मिनिटं. गवंड्याचा ओळंबा रिमसमोर सोडला की कॅम्बरही कळतो: चारशे मिलिमीटर उंचीला सात मिलिमीटर म्हणजे एक अंश. डावी-उजवीकडच्या पुढच्या-मागच्या चाकांच्या केंद्रांतलं अंतर मोजलं की गाडी कधी जोरात ठोकली गेली होती का याचाही अंदाज येतो. मशीन आल्यावर हे सगळं जुनाट ठरलं असं मानतात. मला ते पटत नाही. मशीन मोजतं जास्त नेमकं, पण दोरी लावणारा माणूस मोजता मोजता प्रत्येक चाकाशी दहा मिनिटं घालवतो.

आता गाडी वर गेली. आधी चाकं हवेत लोंबती ठेवून, मग चाकांखाली टेकू देऊन भार घेतलेल्या स्थितीत, छोट्या पहारीनं प्रत्येक सांधा हलवून पाहिला. हा दुहेरी सोपस्कार टाळू नये. लोंबत्या दांडीचं फाटलं रबर कधीकधी ताणामुळे घट्ट वाटतं. डाव्या ट्रॅक रॉडच्या टोकाला स्पष्ट सैलपणा होता. आणि त्याच दांडीच्या आतल्या टोकाचा विकेंद्री बोल्ट, जो फिरवून टो जुळवतात, त्याच्या मर्यादेच्या अगदी शेवटी नेऊन ठेवला होता. सगळीकडे जुना तपकिरी गंज आणि त्या एका बोल्टच्या डोक्यावर पान्याच्या ताज्या खुणा. म्हणजे कुणीतरी सैल सांध्याची भरपाई बोल्ट फिरवून केली होती. त्यानं कागद हिरवा आला होता. वर डावा कॅम्बर स्ट्रटही उतरला. त्याचं रबर चिरून आतली लोखंडी नळी एका बाजूला टेकली होती. डावा टायर जास्त का खाल्ला गेला, याचं उत्तर तिथं होतं.

जुळवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. सगळी भानगड या एका ठिकाणी आहे. कोन चुकला तर तो का चुकला हे विचारायचं. दांडी वाकलीय, रबर गेलंय, स्प्रिंग बसलीय की सबफ्रेम सरकलीय? यांतलं काहीच नाही असं ठरल्यावरच बोल्टाला पाना लावायचा. दुकानाचं गणित मात्र उलटं आहे. अलाइनमेंटचं बिल छोटं, वेळ अर्धा तास, आणि चार महिन्यांनी टायर विकायचा तो नफा वेगळा. सांधे बदलायचे तर गाडी दोन-तीन दिवस अडकते, गंजलेले बोल्ट तुटतात, आणि गिऱ्हाईक म्हणतं की आधी इतकं नव्हतं. जुन्या आलिशान गाडीचा मालक टायरवर दोनदा पैसे घालतो पण रबराच्या बुशवर एकदा घालत नाही, कारण टायर दिसतो. काकांनी घातले, तेही काकूंनी हिशेब मांडून दाखवल्यावर.

भागांची पंचाईत वेगळीच. लेमफोर्डर ही जर्मन कंपनी मर्सिडीजला मूळ भाग पुरवणाऱ्यांपैकी. तिचं नाव छापलेली नकली खोकीही बाजारात फिरतात. रानीगंजच्या बाजारात मिळालं नाही तर दिल्लीच्या काश्मिरी गेटला फोन जातो. मोडीतल्या गाडीचा भाग हवा असेल तर मुंबईला कुर्ल्याला. पण रबर कधीही जुनं घेऊ नये, मोडीतलं तर नाहीच. तीस वर्षांच्या गाडीतून काढलेलं रबरही तीस वर्षांचंच असतं. ट्रॅक रॉड दोन्ही बाजूंचे नवे घेतले. कॅम्बर स्ट्रटही जोडीनं. एकाच बाजूला नवं घातलं की गाडीच्या दोन अंगांचं वागणं वेगळं राहतं.

बसवताना एक गोष्ट मिस्त्रीनं पोराला दोनदा सांगितली आणि ती कुठल्याही मालकानं उभं राहून बघावी अशी आहे. रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. नुसते बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, चार वेळा दाबून मोकळी करायची, आणि मग भाराखाली आवळायचे. हवेत आवळलं तर गाडी उतरल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो, उंची चुकते, आणि नवं रबर वर्षभरात फाटतं. अडकलेला बोल्ट गॅसच्या ज्वाळेनं तापवून काढण्याचा मोहही तसाच. बोल्ट निघतो, पण शेजारचं रबर भाजलं जातं.

मग गाडी मशीनवर नेली. या वेळी काकांनी काही मागण्या ठेवल्या आणि दुकानदारानं त्या कुरकुरत मान्य केल्या. मागच्या चाकांखालीही सरकत्या ताटल्या, नाहीतर टायर जागेवर अडकून आकडा खोटा येतो. चाकं अर्धा फेरा फिरवून रिमच्या वाकडेपणाची वजावट. टायरमधली हवा आधी. क्रम असा: मागचा कॅम्बर नोंदवायचा, मागचा टो दोन्ही बाजूंना सारखा आत वळवायचा, थ्रस्ट शून्याच्या जवळ आणायचा, आणि मग स्टिअरिंग मधोमध बांधून पुढची चाकं जुळवायची. पुढून सुरुवात केली की शेवटी सगळं पुन्हा करावं लागतं. दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा, असे दोन कागद मागून घ्यायचे. नव्या गाड्यांत यानंतर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सरही शून्यावर आणावा लागतो. काकांच्या गाडीला ते लाड नाहीत.

शमशाबादकडच्या पट्ट्यावर गाडी नव्वदवर नेऊन पाय काढला. काही झालं नाही. काका म्हणाले, “आता सरळ हाय.” काकू मागे बसून पुण्याच्या नणंदेला फोन करत होत्या.

सबफ्रेमच्या रबरी उशा अजून जुन्याच आहेत. त्यांना भेगा आहेत, पण सैलपणा नाही. मिस्त्रीच्या मते पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालतील, काकांच्या मते नोंदणीच्या नूतनीकरणापर्यंत. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाचं शुल्क २०२२ मध्ये पाच हजार रुपये झालं होतं, शिवाय फिटनेसची तपासणी. हजार किलोमीटर झाल्यावर मागच्या टायरवर तळहात फिरवायला यायचं, असं मिस्त्रीनं बजावलंय. दोन्ही दिशांनी गुळगुळीत लागला तर पैसे नक्को, नाही लागला तर गाडी पुन्हा लिफ्टवर.